डाग पडेनासा झाला

सुंदरीबाई पहाटे उठत, आणि देवघराकडे वळायच्या आधी चोरासारख्या दारापुढे जात. फाटकापासून ओसरीपर्यंत सिमेंटचा उतार होता, गेल्याच वर्षी मुलाने नवा करून घेतलेला. त्या उतारावर नवऱ्याची, सांबशिवरावांची, जुनी मोटरसायकल रात्रभर उभी असे, आणि तिच्या पोटाखाली तेलाचा डाग पडलेला असे. कधी रुपयाएवढा, कधी चांगला पुरीएवढा. तो दिसला की सुंदरीबाई आधी मागे वळून दाराकडे बघत. कारण आत मुलगा कार्तिक झोपलेला असायचा, आणि कार्तिकने बजावून ठेवलं होतं.

झालं होतं असं. मार्गळी महिन्यातल्या एका सकाळी त्यांची सून श्रीविद्या कॉलेजला जायला स्कूटर बाहेर काढत होती. खाली तेल, वर सड्याचं पाणी. स्कूटर आडवी झाली, सून आडवी झाली, डब्यातला दहीभात फाटकापर्यंत पसरला. खरचटण्यावर निभावलं, पण रात्री कार्तिक तिरुचीहून कामावरून आला तेव्हा तो ओसरीतच बसून राहिला.

"अप्पा," तो म्हणाला, "पुन्हा इथे तेलाचा डाग दिसला तर ही गाडी मी भंगारात घालीन. आणि मग माझ्याशी वाद घालू नका."

त्याने आवाज चढवला असता तर सुंदरीबाई इतक्या घाबरल्या नसत्या. बापासारखाच, हळू बोलला की करून मोकळा होणारा.

कार्तिकला ती नुसती गाडी होती. या दोघांना ती कीर्तनाची वाट होती. तंजावुरात कीर्तन असो, तिरुवैयारूला असो, पापनाशमच्या राममंदिरात असो, सांबशिवराव उपरणं गळ्यात टाकून गाडी काढत आणि सुंदरीबाई मागे एका बाजूला पाय सोडून बसत. जाताना म्हाताऱ्याचं गाणं चाले. मागून सुंदरीबाईंनी धरायचं. त्यांचा ताल चुकला की सांबशिवराव गाडी आणखी हळू करत आणि मान न वळवता म्हणत, "पुन्हा म्हण." दूधवाले सायकलीवरून पुढे निघून जात, वर घंटी वाजवत. पण मंदिरात पोचेपर्यंत जिवाची तार लागलेली असे. बसच्या गर्दीत उभं राहून हे होणार होतं थोडंच?

म्हणून सुंदरीबाईंनी ठरवलं, डाग कार्तिकला दिसायचाच नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी कपड्यांची पावडर टाकून घासलं. डाग गेला नाही, उलट पसरून परातीएवढा झाला. दुसऱ्या दिवशी रॉकेल आणलं, तर त्याचा वास दुपारपर्यंत ओसरीत कोंडून राहिला. तिसऱ्या पहाटे त्या डागाशेजारी मटकन बसल्या आणि त्यांना आपलंच डोकं आठवलं. शनिवारी तेल लावून न्हायचं, तर डोक्यावरचं तेल कशाने निघतं? शिकेकाईने. मग काय, आधी तांदळाचं कोरडं पीठ डागावर शिंपडायचं. ते तेल पिऊन तपकिरी झालं की हिराच्या झाडूने गोळा करायचं. मग शिकेकाईचा लगदा आणि काथ्याचा चोथा घेऊन गुडघ्यावर बसून घासायचं. वर सडा, आणि सड्यावर कोलम, पिठाची रांगोळी. उरलीसुरली काळी सावली बुडेल एवढा मोठा कोलम.

समोरची अंबा फाटकाशी थांबून म्हणे, "मार्गळी संपली, पोंगल झालं, तरी तुमचा कोलम वाढतोच आहे, मामी. कुणाला बघायला येणार आहेत का घरात?"

"देव येतो की," सुंदरीबाई म्हणत, आणि पीठ पुसल्यासारखं करून पदराने घाम पुसत.

दूध आणायला निघताना सांबशिवराव रोज गाडीपाशी थांबून खाली बघत आणि मान डोलावत. नवरा कोलमाचं कौतुक करतो आहे, असं सुंदरीबाईंना वाटे. तोंडाने कधी बोलायचा नाही, निदान मान तरी डोलावतो.

घासून घासून गुडघे सुजले. पहाटेची धास्ती काही सरेना. एखाद्या दिवशी उठायला उशीर झाला तर? कार्तिक आधी उठला तर? शेवटी त्यांनी मारुतीला साकडं घातलं. हे ठिबकणं तेवढं थांबव, तुला वड्यांची माळ घालीन.

आणि ठिबकणं थांबलं.

त्या पहाटे डाग दिसला नाही तेव्हा त्यांना वाटलं, अंधारात दिसत नसेल. बॅटरी आणली. तरी नाही. तळहात टेकवून बघितला, सिमेंट कोरडं ठणठणीत. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. सुंदरीबाईंना रडू फुटलं. कीर्तनात भागवतर सांगतात तसंच घडलं होतं, हाक मारली आणि तो आला. शनिवारी त्यांनी माळ चढवली. प्रसादाचे दोन वडे कार्तिकने मिटक्या मारत खाल्ले आणि विचारलं, "नवस कसला होता, अम्मा?"

"तुझ्या बापाच्या तब्येतीचा," त्या म्हणाल्या. खोटं तरी कुठे होतं?

त्याच शनिवारी पापनाशमला तुळजाराम भागवतरांचं कीर्तन होतं, आणि नात साईप्रियाला त्यांनी सुरुवातीची नामावळी म्हणायला बोलावलं होतं. पोर अकरा वर्षांची. घरातलं मराठी तिला सगळं कळे, उत्तर मात्र तमिळमध्ये यायचं. गाताना तेवढी जीभ सरळ वळे. सुंदरीबाईंच्या गुडघ्यांना आता गाडीवर चढवेना, म्हणून त्यांनी आपली जागा नातीला दिली. चार वाजायच्या सुमाराला दोघं निघाली. साईप्रियाने रेशमी पावडं, तिकडचा परकर, गुडघ्याखाली दाबून घेतलं होतं, आणि आज्जीच्या चिपळ्या छातीशी धरल्या होत्या.

"हळू जा," सुंदरीबाई म्हणाल्या.

"हळू नाही तर कैसा जाऊं? ही गाडी आहे, विमान नव्हे."

"सायकलवाले हसतात, आजोबा," साईप्रिया तमिळमध्ये म्हणाली.

"हसू दे. त्यांना ताल कोठें ठाऊक."

गाडी धडधडत कोपऱ्यावरून वळली, आणि वळताना नातीचा आवाज लागलेला ऐकू आला. सुंदरीबाईंनी उताराकडे बघितलं. स्वच्छ. पहाटे काढलेला कोलम जसाच्या तसा. कितीतरी दिवसांनी त्या दुपारच्या निवांत आडव्या झाल्या.

उठल्या तेव्हा ऊन उतरलं होतं. तोंड धुऊन त्या दिवा लावायला देवघरात गेल्या. त्यांची पितळी समई सासूच्या वेळची, आणि तिची एक खोड होती. वात तेल ओढी, तेल कडेवरून ओघळे आणि खालच्या ताम्हनात थेंब थेंब पडे. ताम्हन पुसणं हे रोजचं काम. सकाळी माळेच्या गडबडीत ते पुसायचं राहिलं होतं, म्हणून त्यांनी फडकं घेतलं. ताम्हनात टेकवलं. फडकं कोरडं निघालं.

त्यांना बरं वाटलं. आज ठिबकली नाही, म्हणाल्या मनाशी, इथलंही मारुतीने बघितलं वाटतं. आणि समईत डोकावल्या. समई रिकामी होती. तळाशी काळी वात चिकटून बसली होती. सकाळी तेल घालायचंच त्या विसरल्या होत्या. ठिबकणार काय?

फडकं हातात तसंच राहिलं.

त्या उठल्या, गुडघ्यांची आठवणही झाली नाही, आणि अनवाणी दारापुढे आल्या. गाडी उभी राहायची ती जागा. कोरडी, पांढरी, स्वच्छ. इतके दिवस जे बघायला जीव तळमळला होता तेच समोर होतं. ते थांबलं नव्हतं. तेल संपलं होतं.

गाडीतलं त्यांना फारसं कळत नव्हतं. पण कोपऱ्यावरच्या चिदंबर मेकॅनिकने एकदा एका पोराला दम देताना त्यांनी ऐकलं होतं, की तेल नसलं की इंजिन चालता चालता आवळतं, मागचं चाक जागच्या जागी धरतं, आणि माणूस हवेत जातो. तेव्हा त्या भाजी घेत उभ्या होत्या आणि दुसऱ्याच्या पोराबद्दल चुकचुकल्या होत्या.

त्यांनी फोन लावला. वाजत राहिला. सांबशिवराव फोन झांजांबरोबर शालीत गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवत. कीर्तनात वाजला तर पाप, म्हणत. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला.

तेवढ्यात फाटकाशी श्रीविद्याची स्कूटर थांबली. तिने अजून पाय खाली टेकला नव्हता.

"वळव," सुंदरीबाई म्हणाल्या आणि तशाच मागे बसल्या.

"अम्मा, चप्पल तरी. कुठे जायचंय?"

"पापनाशमच्या वाटेला. चल. वाटेत सांगते."

गाव मागे पडलं. मग सुनेच्या कानाशी तोंड नेऊन, वाऱ्यात अर्धं उडून जात होतं तरी, सगळं सांगितलं. पीठ, शिकेकाई, कोलम, नवस, समई. श्रीविद्याने स्कूटरचा वेग वाढवला. रस्ता पुढून येत होता आणि मागे जात होता. दोन्ही बाजूंना कापणी झालेली शेतं, मधूनच पेंढ्यांच्या राशी. मग ती म्हणाली, "माझी मुलगी मागे बसलीय, अम्मा."

एवढंच म्हणाली. त्यापेक्षा तिने स्कूटर थांबवून उतरवून दिलं असतं तर सोसलं असतं.

सुंदरीबाई रस्त्याकडे बघत होत्या. एरवी त्या गाडीचा माग काढायला आंधळाही पुरला असता, चौकाचौकात ती आपली खूण टाकत जायची. आज डांबर साफ. एक थेंब दिसू दे, त्या म्हणत होत्या, रामा, एकच थेंब, म्हणजे आत अजून काही आहे असं समजेन. ज्या तोंडाने थांबव म्हटलं त्याच तोंडाने आता पाड म्हणत होत्या. देवाने माणसाचं कुठवर ऐकायचं?

अय्यमपेट्टै ओलांडली. बाजारात कुठे गर्दी नव्हती, कुणी रस्त्याच्या मधोमध उभं नव्हतं. जरा जीव भांड्यात पडतो आहे तोच पुढून आवाज आला. लांबून, मग जवळून. पापनाशमकडून अँब्युलन्स येत होती. लाल दिवा फिरत त्यांच्या अंगावरून गेला आणि तंजावूरच्या दिशेने निघून गेला. काचा धुरकट, आत कोण, काही दिसलं नाही.

श्रीविद्याने स्कूटर कडेला घेतली. तिचे खांदे हलत होते.

"मागे फिरू?" तिने विचारलं. "अम्मा, सांगा ना. मागे फिरू?"

सुंदरीबाईंना वाटलं, हो म्हणावं. हो म्हटलं म्हणजे ती पोर त्या गाडीत आहे, असं आपल्याच तोंडाने सांगितल्यासारखं होतं. नाही म्हटलं, आणि ती आत असली, तर दोघी उलट्या दिशेला जाणार. त्यांनी सुनेच्या खांद्यावर हात ठेवला. हाताला अजून समईच्या काजळीचा वास होता.

"पुढे चल," त्या म्हणाल्या. "पुढे दिसले नाहीत तर मग मागे."

त्यापुढचा रस्ता कसा गेला ते त्यांना नंतर कधी नीट आठवलं नाही. नामस्मरण करायला गेल्या तर नामही आठवेना, नातीचं नावच तोंडात येत राहिलं. मग एका वळणापलीकडे रस्त्यावर पिवळं काहीतरी पसरलेलं दिसलं. जाणाऱ्या गाड्यांच्या चाकाखाली मळणी व्हावी म्हणून शेतकऱ्यांनी भाताच्या पेंढ्या डांबरावर अंथरल्या होत्या. पेंढ्यांच्या मधोमध टायर घासत गेल्याचा काळा पट्टा. कडेला माणसं. माणसांच्या पायांमधून एक आडवं चाक.

स्कूटर थांबायच्या आधीच सुंदरीबाई उतरल्या आणि पडल्या. हातावर उठल्या. माणसं बाजूला झाली.

साईप्रिया पेंढ्याच्या राशीवर बसली होती. कोपर सोललेलं, पावडं फाटलेलं, केसांत काड्या. ती रडत नव्हती. हातात एकच चिपळी होती आणि ती मूठ सोडत नव्हती. शेजारी सांबशिवराव पाय लांब करून बसले होते, घोटा लिंबाएवढा सुजलेला, उपरणं मुलीच्या गुडघ्याला बांधलेलं.

श्रीविद्याने मुलीला उचललं, म्हणजे आता उचलण्याएवढी लहान नव्हती तरी उचललं. सुंदरीबाई उभ्याच राहिल्या. जवळ जायचा आपल्याला हक्क आहे की नाही, तेच त्यांना कळेना.

"गात होते," साईप्रिया आईच्या खांद्यावरून म्हणाली, आणि आश्चर्य म्हणजे मराठीत म्हणाली. "मी चुकले. आजोबांनी हळू केली, पुन्हा म्हण म्हणाले. मग गाडीने टक्क केलं आणि मागून कुणी धरलं जसं."

"वेग किती होता?" श्रीविद्याने सासऱ्यांना विचारलं.

"वेग कसला? इतक्यात एक दूधवाला घंटी वाजवून पुढे गेला होता." ते हसायला गेले, पण हसू ओठावरच राहिलं. "मागे बस होती, श्रीविद्या. ड्रायव्हर पुण्यवान. थांबवली त्याने."

त्यांनी बोट दाखवलं तिकडे सुंदरीबाईंनी बघितलं. पेंढ्यांत बसच्या चाकाची रुंद खूण उमटली होती, आणि त्या खुणेच्या शेवटी दुसरी चिपळी पडली होती. लाकूड चुरा झालेलं, झांजा पानासारख्या चपट्या. तिथून नात बसली होती ती जागा हात लांब केला तर पोचेल इतक्या अंतरावर होती.

तेव्हा कुठे त्या खाली बसल्या.

एका शेतकऱ्याने पाणी आणून दिलं. सांबशिवरावांनी आधी बायकोला दिलं. "तू कशी आलीस?" त्यांनी विचारलं. "तुला कुणी सांगितलं?"

"समईने," त्या म्हणाल्या, आणि मग जे सुनेला सांगितलं होतं ते नवऱ्याला सांगितलं. या वेळी वारा नव्हता, सगळं ऐकू गेलं.

सांबशिवरावांनी आडव्या पडलेल्या गाडीकडे बघितलं.

"अगे," ते म्हणाले, "डाग बघूनच तर मी तेल घालत होतों."

"म्हणजे?"

"कार्तिक बोलल्यावर चिदंबरने गळती थांबवायचा वायसर बदलला होता. म्हणाला, सामी, रोज सकाळी खाली बघा. डाग दिसला तर वायसर लागला नाही समजा, तेल घाला आणि गाडी घेऊन या. मी रोज बघत होतों. तुझा कोलम दिसायचा, डाग नाही. मला वाटलं, वायसर लागला."

"मला वाटलं, तुम्ही कोलम बघता."

"कोलमही बघायचो," ते म्हणाले.

ती अँब्युलन्स कुणाची होती ते कधी कळलं नाही. सुंदरीबाईंनी आत असेल त्या माणसासाठीही हात जोडले. आपलं माणूस नाही म्हणून हायसं वाटलं होतं, त्याची लाज वाटत होती.

जखमा धुऊन, घोटा बांधून सगळे पापनाशमला पोचले तेव्हा भागवतर वाट बघत होते. परत जाऊ म्हटलं तर साईप्रिया ऐकेना. एका चिपळीने ताल कसा धरणार? तिने ती आज्जीच्या मांडीवर ठेवली आणि हातांनी टाळी देत नामावळी म्हटली. एरवी कीर्तनात सगळ्यांत मोठी टाळी सुंदरीबाईंची असायची. त्या संध्याकाळी त्यांचे हात मांडीवरून उठलेच नाहीत. आवाज चढला की त्यांना टक्क ऐकू यायचं.

कार्तिकला त्यांनी स्वतःच सांगितलं, सून बोलायच्या आत. तो ऐकत गेला. त्याचा चेहरा त्या रात्रीसारखाच शांत होता, पण हात मुलीच्या पट्टी बांधलेल्या कोपरावरून हलत नव्हता.

"माझ्या भीतीने लपवलंत?" त्याने विचारलं.

"हो."

गाडी विकायचं नाव त्याने काढलं नाही. पुढे कितीतरी दिवसांनी एवढंच म्हणाला, "भंगारवाल्याला फोटो पाठवला होता, अप्पा. त्याने उत्तरही दिलं नाही." चिदंबरने इंजिन खोललं, आतलं जळलेलं बदललं, आणि पंगुनी महिन्यात गाडी पुन्हा उतारावर उभी राहिली. साईप्रियाने मागे बसायचं नाही, हे कुणी न सांगताच ठरलं होतं.

पहिल्या पहाटे सुंदरीबाई उठल्या, दारापुढे आल्या. बॅटरी लावली. गाडीच्या पोटाखाली सिमेंट स्वच्छ होतं. तळहात टेकवला. कोरडं.

त्या धावत आत गेल्या.

"अहो, उठा. डाग पडलेला नाही."

सांबशिवराव लंगडत बाहेर आले. मागून कार्तिक आला, लुंगी सावरत, "काय सांडलं?" विचारत.

"काही सांडलं नाही," त्या म्हणाल्या. "बघा आधी."

तिघं गाडीभोवती वाकले. सांबशिवरावांनी झाकण फिरवून तेलाची काडी बाहेर काढली, धोतराच्या सोग्याला पुसली, पुन्हा बुडवली, पुन्हा काढली. कार्तिकने बॅटरी धरली. काडीवर खुणेपर्यंत तेल होतं, सोनेरी, नवं.

"आहे, अम्मा," कार्तिक म्हणाला.

"मला दाखव."

त्याने काडी त्यांच्या डोळ्यांसमोर धरली. त्यांनी तिला बोट लावलं, बोटाला तेल लागलं, तरी आणखी एकदा लावून बघितलं. मग सडा घातला आणि पिठाची वाटी घेऊन खाली बसल्या. पहिली रेघ वाकडी आली. ती पुसली नाही, तिच्यापासूनच पुढे काढत गेल्या.